चार मिनिटांचं पुणे

तीन मिनिटं म्हणजे नेमकी किती, हे मला घड्याळाकडे न बघता सांगता येतं. यात कौतुक करण्यासारखं काही नाही. सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी तेरा वर्षं ट्रंक बोर्डावर बसले. परगावी फोन लावायचा तर आधी नोंदवावा लागे, आणि बोलणं तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत चाले. तीन मिनिटं भरत आली की आम्ही मुली मध्येच शिरून विचारायचो, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" कुणाचं बारसं, कुणाचं मरण, कुणाचं जमलेलं लग्न, सगळं त्या तीन मिनिटांत बसायचं. एवढ्या वर्षांत ती तीन मिनिटं माझ्या अंगात मुरली. पुढं लोणच्याची फोडणी काय, अंडी उकडणं काय, मी कधी घड्याळ लावलं नाही.

१९९० साली मला कोल्हापूरला सुपरवायझरची जागा आली. एस.टी.नं जायला दीड तास, यायला दीड तास, शिवाय स्टँडवर ताटकळणं वेगळं. माझा निनाद दोन वर्षांचा होता. यजमान म्हणाले, "तुझं तू ठरव." या वाक्याचा अर्थ त्या काळच्या बायकांना बरोबर कळायचा. मी ठरवलं आणि नाही म्हणाले. माझ्या जागी गेलेली शांता बर्वे निवृत्त झाली तेव्हा पुण्याच्या मोठ्या ऑफिसात साहेब होती. मी सांगलीतच राहिले. पुढं बोर्ड गेले, यंत्रं आली आणि मला बिलांच्या खिडकीत बसवलं. गणवेशातल्या शाळकरी मुलीला वर्गाबाहेर उभं करावं तसं वाटायचं मला तिथं.

हे सगळं सांगायचं कारण, ऋजुताला पुण्याची नोकरी आली तेव्हा घरात सगळ्यात आधी "जा" म्हणणारी मी होते.

ऋजुता माझी सून. जिवाणूशास्त्रात पदवी घेतलेली, हाताची अतिशय नेटकी, आणि तोंडाची फटकळ. सांगलीच्या एका छोट्या तपासणी केंद्रात रोज दोनशे लोकांची रक्तं तपासून कंटाळलेली. पुण्याला भाजलेल्या माणसांसाठी त्वचा वाढवण्याची प्रयोगशाळा निघाली होती. काचेच्या ताटलीत बोटाच्या नखाएवढा तुकडा ठेवायचा आणि एकवीस दिवसांत त्याची तळहाताएवढी कातडी करायची. त्यांनी तिला एका विभागाची प्रमुख म्हणून बोलावलं. पुण्याला बिऱ्हाड हलवणं शक्य नव्हतं. निनाद तासगावला बेदाण्याचं शीतगृह सांभाळतो. सौद्याच्या दिवशी तो तिथं नसला तर व्यापारी माल उचलत नाहीत. आणि मी या वयात विश्रामबाग सोडून कुठं जाणार?

"रोज जाऊन-येऊन करेन," ऋजुता म्हणाली.

"दोनशे पस्तीस किलोमीटर?" निनाद म्हणाला. "जाताना दोन तास चाळीस मिनिटं, येताना तेवढीच. ईरा तुला फक्त रविवारी ओळखेल."

"निमिषनं गेलं तर चार मिनिटं."

"चार मिनिटांत पुणे! मला आंघोळीला याहून जास्त लागतो वेळ."

"ते घराला माहीत आहे," ऋजुता म्हणाली. माझी नात ईरा तोंडावर हात ठेवून हसली. ती तेव्हा सात वर्षांची होती.

निनादनं माझ्याकडं बघितलं. "आई, तू सांग हिला."

मी सांगितलं, "जा. 'तुझं तू ठरव' असं मी म्हणणार नाही. मी जा म्हणते."

आता निमिष म्हणजे काय ते सांगते. त्या वर्षी नव्या उंच रस्त्यावरून चालकाशिवाय धावणाऱ्या या बसगाड्या सुरू झाल्या होत्या. वेग काही फार नव्हता. नवल होतं ते आसनावरच्या पट्ट्याचं. आपल्या शरीरात एक घड्याळ नसतं, बरीच असतात. श्वासाचं आणि काळजाचं वेगळं, ते मेंदूच्या तळाशी. दिवस-रात्रीचं वेगळं, ते उजेडावर चालतं. आणि तिसरं, जे आपल्याला सांगतं की आत्ता एक क्षण गेला, आता दुसरा गेला. दूध उतू जायची वाट बघताना जे लांबतं आणि माहेरी गेल्यावर जे पळतं, ते हे. मेंदूच्या आतल्या भागात जणू कुणी जपमाळ ओढत असतं. एकेक मणी सरकतो, आणि किती मणी सरले यावरून आपण वेळ ओळखतो. निमिषचा पट्टा कपाळावरून कानामागं जायचा. त्यातून ऐकू न येणारे ध्वनितरंग नेमके त्या जागी पोचायचे आणि जपमाळ ओढणारा हात संथ व्हायचा. चाळीस मणी सरायचे तिथं एक सरायचा. माणूस झोपत नसे, बेशुद्ध होत नसे. फक्त त्याला एकशे साठ मिनिटं चार मिनिटांसारखी वाटत. गाडीत बसलं, खिडकीबाहेर हिरवा-तपकिरी पट्टा सळसळत गेला, एक जांभई दिली, की पुणे.

पहिल्या दिवशी संध्याकाळी ऋजुता घरी आली ती उड्या मारतच. "आई, काही कळतच नाही हो! पेठनाक्याला पदर सावरला, तोवर कात्रज!" मला इतका आनंद झाला की मी शिरा केला. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी न केलेला माझा प्रवास कुणीतरी केला असं वाटलं मला. हे तेव्हा कुणाला बोलले नाही.

चार महिने छान गेले. तिच्या विभागानं एका मुलाच्या पाठीवर हातभर कातडी लावली. तिचा पगार वाढला. आणि तिचा स्वभाव बदलला.

आधी ऋजुता म्हणजे तवा आणि पाण्याचा थेंब. निनादनं ओला टॉवेल पलंगावर टाकला की पाचव्या सेकंदाला तिचं वाक्य आलेलं असे. आता ती बघायची, थांबायची, आणि मग म्हणायची, "टॉवेल." तेवढंच. तोवर निनाद खोलीबाहेर गेलेला असायचा. मी काही विचारलं तर ती माझ्याकडे शांतपणे बघून, जरा वेळानं उत्तर द्यायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्या नणंदेनं, शकूवन्संनी, तिला वाण देताना पाहिलं. एकेका बाईच्या कपाळाला इतकं सावकाश, इतकं हळुवार कुंकू लावत होती ती.

"वहिनी, सून काय निवळली हो तुमची!" शकूवन्सं म्हणाल्या. "पूर्वी लवंगी मिरची होती. काय दिलंत काय खायला?"

"नोकरी," मी म्हणाले. बायका हसल्या.

"आमचीलाही घाला त्या गाडीत," दुसऱ्या एक बाई म्हणाल्या.

मीही हसले. ती आमची सगळ्यांची चूक. घरातली सून हळू बोलायला लागली, उलट उत्तर देईनाशी झाली, तर ते दुखणं असू शकतं हे आम्हा बायकांच्या डोक्यात येतच नाही. आम्ही तिला गुणी म्हणतो.

फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी ईरा अंगणात पेरूच्या झाडावर चढली होती. ऋजुता खाली खुर्चीवर, हात लांब करून पोचेल एवढ्या अंतरावर. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. फांदी करकरली. ईरा किंचाळली. मी सूप टाकून उठले, पायऱ्या उतरले, आणि ईरा खाली पडली, तिचं कोपर फुटलं. मी तिला उचलून घेतली. आणि तेव्हा, मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा ऋजुता खुर्चीतून उठत होती. हात पुढे केलेले. जिथं मघाशी ईरा पडत होती त्या रिकाम्या जागेत ते हात झेलायला आले. मग ती ओरडली, "ईरा, सांभाळ!"

पोर रडायची थांबली आणि आईकडे बघत राहिली.

दुपारी मी ऋजुताला घड्याळ नसलेल्या मधल्या खोलीत बसवलं. म्हणाले, "आमचा एक जुना खेळ आहे बाई. मी 'आता' म्हणते. तुला तीन मिनिटं झाली असं वाटलं की हात वर कर. आकडे मोजायचे नाहीत." तिनं हसून मान हलवली. मी 'आता' म्हणाले. माझी तीन मिनिटं भरली. ती शांत बसली होती. चार झाली. ईरा दारातून डोकावून गेली. साडेचार मिनिटांना ऋजुतानं हात वर केला.

"बरोबर ना?" ती म्हणाली.

"अगदी," मी म्हणाले.

मिरजेच्या डॉ. नसीम मुजावर मेंदूचं बघतात. निनाद आणि मी आधी तिला न सांगताच त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "तुम्ही सातवे. पट्टा काढला की घड्याळ पूर्वपदावर येतं, हे खरं. पण रोज दोनदा ताणलेला नाडा थोडा सैल राहतोच. त्यांना स्वतःला काही कळणार नाही. त्यांना तुम्ही सगळे घाईत आहात असं वाटेल."

"बंद केलं तर?" निनादनं विचारलं.

"वर्षाच्या आत बंद केलं तर परत येतात, असं वाटतं. जेवढा वेळ जायला लागला तेवढा यायला. वर्षानंतर काय, मला माहीत नाही. इतकी जुनी गाडीच नाही अजून." त्यांनी टेबलावरचा पेन सरळ केला. "घरात लहान मूल आहे?"

"सात वर्षांची मुलगी," मी म्हणाले.

"तिला शाळेत काही अडचण?"

मला त्या प्रश्नाचा रोख तेव्हा कळला नाही. मार्चमध्ये कळला. ईराच्या वर्गशिक्षिका सावंतबाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, "आजी, अभ्यास बरा आहे. पण प्रार्थनेत ती मागं राहते. सगळे संपवतात आणि ईराचा आवाज एकटाच पुढं चालू राहतो. मुलं हसतात. तिला कळत नाही का हसतात ते."

डॉक्टर म्हणाल्या, दोन माणसं शेजारून चालू लागली की न ठरवता पावलं जुळतात. मुलाचं घड्याळ आईच्या घड्याळाबरोबर लागतं, ते तान्हेपणापासून. ईरा रोज संध्याकाळी दोन तास आईला बिलगून बसायची. तिला पट्टा लावायची गरजच नव्हती.

घरी आम्ही ऋजुताशी बोलायचा प्रयत्न केला. एकदा नाही, पाच-सहा वेळा. आम्ही बोलायचो, ती ऐकायची, उत्तर द्यायला तोंड उघडायची, तोवर निनादला वाटायचं ही गप्पच आहे, आणि तो पुढचं बोलायचा. मग मी बोलायचे. मग तो चिडायचा. एका संध्याकाळी तिनं कानांवर हात ठेवले.

"किती घाई करता हो तुम्ही सगळे," ती म्हणाली. "कुणी मागं लागलंय का? तिथं प्रयोगशाळेत निम्मी माणसं निमिषनं येतात. तिथं मला कुणी तोडत नाही. तिथं बोलणं बोलण्यासारखं असतं."

"अगं, पण ईरा..." मी म्हणाले.

"ईरा माझ्याशी छान बोलते," ती म्हणाली आणि उठून गेली.

वर्ष भरायला पाच आठवडे राहिले होते. मी विचार केला, हिच्याशी घरी बोलता येत नाही, कारण आम्हाला थांबता येत नाही. गाडीत ती कुठं जाणार नाही. आणि मला थांबता येतं. पावसाळ्यात लाइन खराब असली की आम्ही पलीकडच्या ऑपरेटरला एकेक अक्षर सुटं करून सांगायचो. मी हिशेब केला. तिच्या एका सेकंदाला माझे चाळीस. म्हणजे एक अक्षर साधारण आठ सेकंद ओढायचं. छोटं वाक्य तीन मिनिटांत बसेल. तीन मिनिटं मला ठाऊक होती. पंधरा दिवस मी देवघराचं दार लावून सराव केला. निनादला वाटलं मी नवा जप घेतलाय.

"आई, तुम्ही कशाला येताय?" ऋजुतानं विचारलं.

"पुण्याला शांता बर्वेला भेटून येते," मी म्हणाले. शांताला जाऊन सहा वर्षं झाली होती.

सत्तरीपुढच्यांना पट्टा लावत नाहीत. गाडीत देखरेखीला असलेल्या मुलीनं माझ्या आसनावरचा पट्टा काढून घेतला. "आजी, कंटाळा येईल बघा. पेपर आणलाय का? या लोकांशी बोलायला जाऊ नका, घाबराल उगीच."

मग दिवे मंदावले, बारीक गुणगुण झाली, आणि माझ्याशी काहीतरी बोलत असलेली ऋजुता वाक्याच्या मध्येच थांबली. थांबली नव्हती. तिचे ओठ हलत होते, पण कमळ उमलताना हलतं तसे. दिसत नाही, आणि बघावं तर बदललेलं असतं.

चाळीस माणसं होती. सगळ्यांचे डोळे उघडे. पलीकडच्या आसनावरच्या गृहस्थांना पेठनाक्याला जांभई सुरू झाली ती कासेगाव मागं पडेपर्यंत चालली. एक बाई खाली पडलेला रुमाल उचलायला वाकली होती आणि कराड येईपर्यंत वाकलेलीच होती. देखरेखीची मुलगी बाटली घेऊन रांगेनं फिरत होती आणि एकेकाच्या डोळ्यांत थेंब घालत होती, कारण पापण्या वेळेवर मिटत नाहीत. मागं कुणीतरी शिंकलं, अगदी जोरात, नेहमीसारखं. मी दचकले.

"शिंक त्यांच्या हातात नसते ना," मुलगी म्हणाली. "घड्याळाखाली येत नाही ती. पण तोंड बघा आता. मिनिटभरानं दचकतील ते स्वतःच."

आणि खरंच, मिनिटभरानं त्या माणसाच्या भुवया हळूहळू वर चढू लागल्या.

उंब्रज गेल्यावर मी ऋजुताचा हात हातात घेतला. तो गरम होता. नाडी ठीक चालली होती, बहात्तर. मी तिच्या कानाशी वाकले आणि बोलायला सुरुवात केली. "ई." श्वास घेतला. "रा." पुन्हा श्वास. लोक बघतील अशी लाज नव्हती, कारण बघायला कुणाला सवड नव्हती. बाटलीवाली मुलगी मात्र वाटेतच थबकली होती.

"ईरा तुझ्यासारखी संथ व्हायला लागली आहे."

तीन मिनिटं लागली. मग मी थांबले. आयुष्यात एवढी कधी कुणासाठी थांबले नव्हते. दोन मिनिटं काहीच झालं नाही. मग तिचा चेहरा माझ्याकडं वळू लागला. नागठाण्याची कमान गेली तेव्हा तिचे डोळे माझ्यापर्यंत पोचले होते. आणि ती हसू लागली. मी तिची दहा वर्षांची सासू, पण इतकं पूर्ण हसू मी पाहिलं नव्हतं. आधी डोळ्यांच्या कडा, मग गाल, मग ओठ. तिच्या घशातून आवाज निघू लागला, खोल, पुरुषासारखा. मी अक्षरं जोडत गेले. सातारा आलं तेव्हा वाक्य पुरं झालं.

"मग आम्हा दोघींना एकमेकींचं ऐकू येईल."

ती वेडी नव्हती, दुष्ट नव्हती. ती आनंदानं सांगत होती. एका घरात एकटी पडलेल्या बाईला सोबत मिळणार होती, एवढंच.

माझ्याकडं अजून दीड तास होता आणि तिच्याकडं सव्वा-दोन मिनिटं. मी दुसरं वाक्य घेतलं. मला रागवायचं नव्हतं. खंबाटकीचा बोगदा येईपर्यंत मी ते सांगत होते.

"पण मग तिला बाकी कुणाचंच ऐकू येणार नाही. मैत्रिणींचं नाही, बापाचं नाही. मी तुला जा म्हणाले, ते माझं चुकलं."

बोगद्यात अंधार झाला. बाहेर आलो तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पहिलं हसू तसंच होतं, जरासुद्धा न ढळलेलं, आणि त्या हसऱ्या गालावरून पाणी वाहत होतं. आसवं घड्याळाखाली येत नाहीत. ती खळकन आली, हनुवटीवरून गळली, माझ्या मनगटावर पडली. तिला रडू येतंय हे तिच्या चेहऱ्याला अजून कळायचं होतं. मी पदरानं पुसत राहिले. शिरवळला हसू उतरू लागलं. कात्रजच्या अलीकडे तिचे ओठ थरथरले.

गुणगुण थांबली. चाळीस माणसं एकदम हलली, पट्टे काढू लागली, एकाच लयीत, कवायतीसारखी. ऋजुता उतरली, मी उतरले. प्रयोगशाळेची गाडी फाटकाशी उभी होती. तिच्या मैत्रिणी तिची वाट बघत होत्या, सावकाश हात हलवत. ती माझ्यासमोर उभी राहिली. तिला लागेल तेवढं थांबले.

"आज राजीनामा देते," ती म्हणाली. मग बराच वेळ गेला. "आई, मला तिकडं यायची भीती वाटते. तुम्ही सगळे फार जोरात असता. पण येते." पुन्हा थांबली. "मी पूर्ण येईपर्यंत ईराला माझ्याजवळ बसू देऊ नका. मी रडले, तिला हाका मारल्या, तरी देऊ नका."

तिनं त्या दिवशी तिच्या ताटल्या दुसऱ्या बाईच्या हवाली केल्या. एकोणिसाव्या दिवसावर आलेली एक कातडी होती, ती तिनं शेवटपर्यंत बघितली नाही, याचं दुःख ती अजून करते.

आता ती वरच्या मजल्यावर राहते आणि ईरा खाली माझ्या खोलीत. जेवणं वेगळी. डॉक्टरांनी सांगितलं, शेजारी बसणं नाही, गप्पा नाहीत, एकत्र म्हणणं-गाणं काही नाही. निनाद वर जातो, जपून, थोड्या वेळासाठी. ईरा अडीच महिन्यांत पूर्ववत झाली. आता प्रार्थनेत ती सगळ्यांच्या आधी संपवते म्हणून ओरडा खाते.

दोघींच्या बोलण्याचं काय करायचं, हे मला सुचलं. कागदाला वेग नसतो. लिहिणारीनं तासभर लिहावं, वाचणारीनं मिनिटात वाचावं, कुणाचं घड्याळ कुणाला लागत नाही. ईरा चिठ्ठी लिहिते, मी जिना चढून नेऊन देते, आणि उत्तर घेऊन खाली येते. पहिल्या दिवशी ईरानं विचारलं होतं, "आई, आज कुठवर आलीस?" ऋजुतानं लिहिलं, "शिरवळ." तेव्हापासून तेच चाललंय. डॉक्टर दर आठवड्याला मोजतात, आणि त्याप्रमाणे ऋजुता पुण्याहून घरी यायच्या वाटेवरचं गाव लिहिते. जूनमध्ये खंबाटकी उतरली. गणपतीत सातारा आला. ईरानं साताऱ्याचे कंदी पेढे आण म्हणून लिहिलं, तर वरून खरंच हसण्याचा आवाज आला. दिवाळीला उंब्रज. मग कराड.

कराडला आज तीन महिने झाले. दर सोमवारी तपासून झाल्यावर डॉ. मुजावर म्हणतात, "बघू अजून." पूर्वी त्या टक्के सांगायच्या, आता सांगत नाहीत. ऋजुता माझ्याशी बोलताना घाम पुसते, जीव एकवटून माझ्या वेगानं धावायला बघते, दोन वाक्यांत दमते. दोष कुणाचा काढणार? अकरा महिन्यांत परत येता येतं असं कुणी लिहून दिलं नव्हतं. ईरा आठ वर्षांची झाली. तिचे समोरचे दात आले. आईनं ते फोटोत पाहिले.

काल दुपारी शाळेतून आल्यावर ईरानं दप्तरही न काढता वहीचं पान फाडलं, काहीतरी लिहिलं आणि घडी घालून माझ्या हातात दिलं. मी कधी चिठ्ठ्या वाचत नाही. ट्रंक बोर्डावरची शिस्त, लाइन जोडून द्यायची, ऐकायचं नाही. पण या वेळी ती पोर जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभी होती, बूट घातलेलीच, आणि माझ्याकडं अशी बघत होती की मी ती घडी उघडली.

"आई, तू कराडलाच थांब. मी घ्यायला येऊ का?"

"आजी, दे ना लवकर," ईरा म्हणाली.

कराडला घ्यायला जायचं म्हणजे तिनं पुन्हा आईएवढं संथ व्हायचं. मी जिना चढले. ऋजुता खिडकीशी बसली होती. माझी चाहूल लागून तिनं मान वळवायला सुरुवात केली, आणि ती वळायच्या आत मी मागं फिरले. खाली येऊन ईराला म्हणाले, आई झोपलीय.

चिठ्ठी माझ्या कनवटीला आहे. आज सकाळी शाळेला जाईपर्यंत ईरानं दोनदा विचारलं, उत्तर आलं का. वरून आत्ता हाक येतेय. माझं नाव नाही, ईराचं आहे. खूप लांबलेली हाक आहे, अजून संपलेली नाही. ईरा शाळेतून यायला दहा मिनिटं आहेत. मी फाटकाशी जाऊन उभी राहते. तिला परस्पर शकूवन्संकडे नेते.